आत्मोद्धाराची रात्रशाळा

उपदेश फुकट मिळाला तर माणूस जांभई देतो आणि पैसे मोजून घेतला तर वहीत उतरवून घेतो. शिक्षकाच्या पेशात आयुष्य गेलेल्या कोणालाही हे नव्याने सांगायला नको. लवकर उठा, आळस सोडा, आजचे काम आजच करा, अपयशाने खचू नका, हे आम्ही वर्षानुवर्षे प्रार्थनेनंतर व्हरांड्यात उभे राहून सांगत आलो आणि मुले पुढच्याच्या कॉलरकडे पाहत ते सहन करीत आली. पण हीच चार वाक्ये एखाद्या सुटातल्या गृहस्थाने, गालापर्यंत आलेल्या काडीसारख्या मायक्रोफोनमधून, रंगीत दिव्यांच्या झोतात इकडून तिकडे फेऱ्या मारीत सांगितली, की हजारो माणसे उठून टाळ्या वाजवतात. काही रडतातसुद्धा. बाहेर पडताना एकेकाळी कॅसेटचा संच विकत घेत असत, आता ऑनलाइन शिबिराचे पैसे भरतात.

सीमाभागातल्या आपल्या घरांत तर हे उद्धारकर्ते तीन-तीन भाषांतून येतात. मराठी वाहिनीवर एक, कानडीवर दुसरा, हिंदीत तिसरा. भाषा बदलते, हातवारे बदलत नाहीत. धारवाड-हुबळीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या लोकांना घराण्याचे महत्त्व सांगायला नको. गवयाने पहिला आलाप घेतला की जाणकार त्याच्या गुरूचे आणि गुरूच्या गुरूचे नाव सांगतो. या हातवाऱ्यांचेही असेच एक घराणे आहे. त्याची गादी अमेरिकेत असली तरी मूळपुरुष अमेरिकन नव्हता, आणि गंमत अशी की मंचावर नाचणे त्याला मुळीच मानवले नसते.

तो सापडतो इंग्लंडात, लीड्स नावाच्या गिरण्यांच्या गावी. तिथल्या दोन-तीन गरीब तरुणांनी हिवाळ्याच्या संध्याकाळी एकत्र जमून, ज्याला जे येते ते त्याने दुसऱ्याला शिकवायचे, असे ठरविले. कोणाला वाचता येई, कोणाला हिशेब, कोणाला थोडा भूगोल. संख्या शंभराच्या घरात गेली तेव्हा जागा लागली. पटकीच्या साथीत तात्पुरते इस्पितळ म्हणून वापरलेली एक कळकट खोली भाड्याने मिळाली. रोगाच्या धसक्याने तिला दुसरे गिऱ्हाईकच नव्हते. ही रात्रशाळा चांगली सुरू झाल्यावर या मुलांनी गावातल्या एका सुशिक्षित गृहस्थाला 'दोन शब्द सांगायला या' म्हणून बोलावले. साल १८४५. गृहस्थांचे नाव सॅम्युअल स्माईल्स. धंद्याने डॉक्टर, मग वर्तमानपत्राचे संपादक, पुढे रेल्वे कंपनीचे सेक्रेटरी.

हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. विद्यार्थी आधी जमले, शाळा त्यांनीच काढली, आणि गुरू सर्वांत शेवटी आला. तोही मानधनाविना, आणि आपल्याला बोलावल्याबद्दल संकोचून.

या व्याख्यानांतूनच स्माईल्स यांचे 'सेल्फ-हेल्प' हे पुस्तक झाले. एका प्रकाशकाने ते आधी साभार परत केले होते. शेवटी १८५९ साली जॉन मरे यांनी ते काढले. त्याच मरे यांनी त्याच वर्षी डार्विनचा 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. जगण्याच्या झगड्यात निसर्ग कोणाची निवड करतो हे एका पुस्तकात, आणि निसर्गावर न विसंबता आपणच आपली निवड कशी करून घ्यावी हे दुसऱ्यात! स्माईल्सचे पुस्तक पहिल्याच वर्षी २० हजार खपले. ते १९०४ साली वारले तोवर खप अडीच लाखांवर गेला होता. जपानात १८७१ साली नाकामुरा मासानाओ यांनी त्याचे भाषांतर केले आणि तिथल्या नव्या पिढीने ते जवळजवळ पाठ्यपुस्तकासारखे वाचले. पुढे स्माईल्सनी चारित्र्य, काटकसर आणि कर्तव्य या विषयांवर एकेक ग्रंथ लिहिला. मालिका चालवण्याची कला तेव्हापासूनची आहे.

तरी स्माईल्सचा माल आजच्या मालाहून वेगळा होता. त्याच्या पुस्तकात पालिसी नावाच्या फ्रेंच कुंभाराची हकीकत आहे. मडक्यांवर पांढरी झिलई चढवण्याची कृती शोधण्यात या माणसाने पंधरा-सोळा वर्षे घालवली. भट्टीला सरपण पुरेना तेव्हा घरातल्या टेबल-खुर्च्या मोडून आत घातल्या. बायकोने काय ऐकवले असेल याची कल्पना विवाहित वाचकांनी करावी. सांगायचे इतकेच, की स्माईल्सच्या जगात यशाला पंधरा-सोळा वर्षे लागतात आणि मध्ये घरचे फर्निचर जळते. शिवाय पुस्तकाच्या नावावरून लोक हा स्वार्थाचा पुरस्कार समजतात, असे दिसताच १८६६ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी हे नाव दुर्दैवी ठरल्याचे लिहून टाकले. लाखाच्या दिशेने निघालेल्या पुस्तकाच्या नावाबद्दल हळहळ व्यक्त करणारा लेखक या घराण्यात पुन्हा झाला नाही.

अटलांटिक महासागर ओलांडताच घराण्याची गायकी बदलली. स्माईल्स हातांविषयी बोलत होता. अमेरिकेत मनाविषयी बोलणे सुरू झाले. मनात आणा म्हणजे मिळेल, असा एक पंथच तिथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा राहिला होता. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले आणि हिंदुस्थानच्या योग्यांना तिकडे एकदम भाव आला. त्याचा फायदा कोणी घ्यावा? १९०३ पासून शिकागोतून 'योगी रामचरक' या नावाने श्वासोच्छ्वास, हठयोग, राजयोग यांवरची पुस्तके येऊ लागली. हे योगी म्हणजे बाल्टिमोर शहरात जन्मलेले विल्यम वॉकर अ‍ॅटकिन्सन नावाचे वकील! त्यांनी १९०६ साली स्वतःच्या नावाने विचारांच्या आकर्षणाच्या नियमावर एक पुस्तक लिहिले: जसा विचार कराल तशी वस्तू तुमच्याकडे ओढली जाईल. ही तबकडी पुढे शंभर वर्षांनी पुन्हा वाजणार आहे, म्हणून नाव ध्यानात असू द्यावे. रामचरकांची पुस्तके नंतर आपल्या देशातही विकली गेली. आपला माल आपल्यालाच परदेशी वेष्टनात विकण्याचा धंदा काही कालपरवाचा नव्हे.

फ्रान्समधल्या नान्सी गावचे एमिल कुए हे औषधविक्रेते. त्यांनी सगळी औषधे बाजूला ठेवून एकच वाक्य दिले: मी दिवसेंदिवस सर्व बाबतींत अधिकाधिक बरा होत चाललो आहे. सकाळी उठताना आणि रात्री झोपताना वीस-वीस वेळा हे पुटपुटायचे. मोजदाद चुकू नये म्हणून दोरीला वीस गाठी मारायच्या. जपमाळ ज्यांच्या देवघरात खुंटीला टांगलेली आहे त्यांना यात नवे काय ते कळणार नाही, पण १९२३ साली कुए अमेरिकेत उतरले तेव्हा वार्ताहरांची झुंबड उडाली होती. एक मात्र त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मी कोणाला बरे करीत नाही, तुमचे तुम्हीच बरे होता, असे ते सांगत, आणि घरी येणाऱ्या रोग्यांकडून पैसे घेत नसत.

मग आले डेल कार्नेगी. मिसुरी राज्यातल्या गरीब शेतकऱ्याचा हा मुलगा. आडनावाचे स्पेलिंग जरा निराळे होते, ते त्यांनी पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीच्या नावाशी जुळेल असे करून घेतले. १९१२ साली न्यूयॉर्कच्या वायएमसीएमध्ये त्यांनी भाषणकलेचा संध्याकाळचा वर्ग काढला. रात्रीचे दोन डॉलर ठराविक वेतन द्यायला संस्था तयार नव्हती, म्हणून फीतला हिस्सा घेण्याच्या बोलीवर काम पत्करले आणि थोड्याच दिवसांत त्याहून कितीतरी अधिक मिळवले. या वर्गाची मी चेष्टा करणार नाही. चारचौघांत उठून बोलायला पाय लटपटणाऱ्या कारकुनांना आणि विक्रेत्यांना कार्नेगींनी बोलते केले, ही साधी गोष्ट नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिल्याच वाक्याला गप्प झालेले मूल ज्याने पाहिले आहे त्याला हे पटेल.

कार्नेगींचे मित्र जोडण्याविषयीचे पुस्तक १९३६ साली निघाले, तेव्हा अमेरिकेत मंदीने लक्षावधी लोक बेकार होते. पुस्तक सांगत होते: हसा, समोरच्याचे नाव लक्षात ठेवा, त्याला बोलू द्या. बेकाराला नोकरी मिळत नव्हती, हसणे मात्र हातातले होते. पुस्तक अफाट खपले. आजही मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांतली त्याची रूपे पुस्तकांच्या स्टॉलवर शेजारी शेजारी नांदताना दिसतात. सीमाप्रश्नात इतका सलोखा क्वचितच आढळतो. १९३७ साली आयर्व्हिंग ट्रेसलर नावाच्या विनोदी लेखकाने मित्र गमवावेत कसे आणि लोकांना तोडावे कसे यावर एक विडंबन-पुस्तक काढले. त्याच वर्षी नेपोलियन हिल यांचे विचार करून श्रीमंत व्हायचे पुस्तक आले. हिल यांचा दावा असा की खुद्द अँड्र्यू कार्नेगींनी भेटीत हे रहस्य आपल्यावर सोपविले. कार्नेगींच्या चरित्रकाराला अशा भेटीचा पुरावा सापडला नाही. पण ज्यांना श्रीमंत व्हायचे आहे ते चरित्रे कशाला वाचतील?

आता पडदा. अमेरिकेत घरोघर दूरचित्रवाणी पोचली ती १९५० च्या सुमारास, आणि तिच्यावरचे पहिले दोन नामांकित उपदेशक धर्मगुरू होते. न्यूयॉर्कच्या एका जुन्या चर्चचे पाद्री नॉर्मन व्हिन्सेंट पील हे १९३५ पासून रेडिओवर जगण्याची कला सांगत होते. त्यांचे सकारात्मक विचारांविषयीचे पुस्तक १९५२ साली आले आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या खपाच्या यादीत १८६ आठवडे राहिले. त्याच वर्षी पत्नीसह त्यांनी 'तुमची अडचण काय?' अशा अर्थाच्या नावाचा टीव्ही कार्यक्रम सुरू केला आणि तो १९६८ पर्यंत चालवला. त्यांच्याच चर्चमध्ये १९७७ साली त्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांचे पहिले लग्न लावले. आपल्याबद्दल शंका म्हणून कधी घ्यायचीच नाही, ही शिकवण श्रोत्यांपैकी निदान एकाने तरी मनापासून घेतलेली दिसते.

दुसरे बिशप फुल्टन शीन. त्यांच्या कार्यक्रमाचे नाव 'लाइफ इज वर्थ लिव्हिंग'. हे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, अंगावर झगा, डोळ्यांत जरब, आणि साहित्य काय, तर एक फळा आणि खडू! फळा भरला की शीन चालत दुसऱ्या बाजूला जात, कॅमेरा त्यांच्याबरोबर फिरे, तेवढ्यात पडद्याआडचा कर्मचारी फळा पुसून ठेवी. पुसणारा देवदूत आहे, असे बिशप प्रेक्षकांना सांगत. आमच्या शाळेत फळा पुसायची पाळी कोणाची यावरून आठवड्यातून एकदा तरी भांडण होते; तिथे असा एखादा देवदूत मिळता तर बरे झाले असते. १९५३ साली शीन यांना एमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी आपल्या चार लेखकांचे आभार मानले: मॅथ्यू, मार्क, ल्यूक आणि जॉन. कार्यक्रमाचा खर्च टीव्हीचे संच बनवणारी कंपनी करीत होती, म्हणजे उपदेश ऐकायला आधी संच घ्यावाच लागे. एवढी एक गोष्ट सोडली तर या दोघांच्या काळात पडद्यावरचा उपदेश हा कार्यक्रम होता आणि जाहिरात त्याच्या मध्येमध्ये येई.

हे नाते उलटे झाले १९८४ साली. तोवर अमेरिकेतल्या स्थानकांनी तासाला अमुक मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवू नयेत, असा सरकारी दंडक होता. तो त्या वर्षी काढून टाकला. मग अर्ध्या तासाचा संपूर्ण कार्यक्रमच जाहिरात का असू नये? मध्यरात्रीनंतरचा वेळ कवडीमोलाने मिळत असे. त्या वेळी जागे कोण असते? ज्यांना झोप लागत नाही ते. झोप कोणाला लागत नाही? ज्यांच्यावर कर्ज आहे, ज्यांची नोकरी गेली आहे, ज्यांचे वजन वाढले आहे किंवा बायको सोडून गेली आहे. म्हणजे वर्ग आयताच भरलेला! लीड्सच्या त्या खोलीनंतर सुमारे १४० वर्षांनी आत्मोद्धाराची रात्रशाळा अशी पुन्हा भरू लागली. फरक इतकाच की या खेपेला गुरू आधी आला, आणि विद्यार्थ्यांना एकमेकांची तोंडे दिसत नव्हती, फक्त खाली फोन नंबर दिसत होता.

या रात्रशाळेचा सर्वांत यशस्वी हेडमास्तर टोनी रॉबिन्स. साडेसहा फुटांहून उंच देह, घोगरा आवाज आणि पडद्यात न मावणारे हास्य. १९८९ साली त्याची 'पर्सनल पॉवर' नावाची जाहिरात-मालिका सुरू झाली. तीस दिवसांत आयुष्य पालटण्याचा अभ्यासक्रम, कॅसेटवर. सोबत अमेरिकन फुटबॉलचा नामवंत खेळाडू फ्रॅन टार्केंटन मुलाखत घ्यायला. कुठे पालिसीची पंधरा-सोळा वर्षे आणि कुठे हे तीस दिवस! परीक्षेच्या आदल्या रात्री 'अपेक्षित प्रश्नसंच' घेऊन बसणाऱ्या मुलांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आपल्याकडे १९९० नंतर केबल आली तेव्हा या शाळेची एक शाखा इथेही निघाली. वजन उतरवणारी यंत्रे विकणाऱ्या त्या गोऱ्या बाईचे ओठ इंग्रजीत हलत आणि आवाज हिंदीत येई, हे पुष्कळांना आठवत असेल.

रॉबिन्सच्या शिबिरातला कळसाचा प्रसंग म्हणजे निखाऱ्यांवरून चालणे. भीतीवर मात केली की जगात काहीही अशक्य नाही, हे त्यातून शिकायचे. यातले रहस्य आठवीच्या विज्ञानात बसते: लाकडाचा कोळसा उष्णतेचा मंद वाहक असतो आणि पाय त्यावर क्षणभरच टेकतो. रेंगाळले की मात्र भाजते. २०१२ साली सॅन होजे येथे २१ जणांना आणि २०१६ साली डॅलस येथे तीसहून अधिक जणांना भाजल्यामुळे उपचार घ्यावे लागले. आपल्या मुलखाला निखारे नवे नाहीत. गोव्यात शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड व्रतस्थ राहून होमकुंडातून जातात. इकडच्या कानडी गावांतही केंड तुडवण्याची रीत आहे. पण निखाऱ्यांतून पलीकडे गेलेला धोंड दुसऱ्या दिवशी शेतात किंवा दुकानात आपल्या कामाला लागतो. आपण आता विक्री-अधिकारी होण्यास लायक झालो, असे त्याला वाटत नाही, आणि देवीनेही तसे आश्वासन दिलेले नसते.

इथे समर्थांची आठवण येते. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी होते आणि शेवट पढतमूर्खाच्या लक्षणांनी. वाचणारा मनातल्या मनात एकेका लक्षणावर बोट ठेवतो आणि शरमतो. पडद्यावरच्या गुरूला ही चैन परवडत नाही. गिऱ्हाईकाला मूर्ख म्हटले की ते वाहिनी बदलते. म्हणून तो सांगतो, तू सिंह आहेस, फक्त तुला कोणी सांगितले नव्हते. सिंह लगेच फोन उचलतो.

या बाजारातली सर्वांत करमणुकीची हकीकत केव्हिन ट्रूडो याची. क्रेडिट कार्डांच्या फसवणुकीबद्दल तुरुंगात जाऊन आल्यावर त्याने रात्रीच्या जाहिरातींतून स्मरणशक्ती वाढवण्याचा 'मेगा मेमरी' हा कोर्स विकला. १९९८ साली सरकारच्या ग्राहक-संरक्षण खात्याने खोट्या दाव्यांबद्दल पाच लाख डॉलर भरायला लावले. २००४ साली त्याला अशा जाहिरातींतून वस्तू विकण्याची बंदी झाली. लेखनस्वातंत्र्य म्हणून पुस्तकांना तेवढी सूट मिळाली. गडी लगेच ग्रंथकार झाला! डॉक्टर लोक लपवून ठेवतात ते नैसर्गिक उपाय, मग वजन उतरवण्याचे उपाय. पुस्तकातली माहिती जाहिरातीत खोटी सांगू नये, हा न्यायालयाचा हुकूम त्याने मोडला. त्याबद्दल ३ कोटी ७६ लाख डॉलरांचा दंड झाला आणि २०१४ साली दहा वर्षांची शिक्षा. जगाची स्मरणशक्ती वाढवणाऱ्याला न्यायालयाचा हुकूम तेवढा आठवला नाही.

अमेरिकन माणूस यावर हसला नाही असे नाही. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात १९९१ पासून अल फ्रँकेन हे एक पात्र करीत. हे पात्र आरशासमोर बसून स्वतःलाच आपण किती चांगले आहोत ते समजावी आणि समजूत काही पटत नसे. फ्रँकेन पुढे खरोखरचे सेनेटर झाले. १९९३ साली त्याच कार्यक्रमात ख्रिस फार्ली या धिप्पाड नटाने मॅट फोली नावाचा प्रेरणादायी वक्ता उभा केला. चुरगळलेला कोट, घसरणारी पँट, तीन घटस्फोट, आणि मुक्काम नदीकाठच्या एका व्हॅनमध्ये. अभ्यास केला नाहीत तर माझ्यासारखे व्हाल, हा त्याचा उपदेश! ओरडता ओरडता तो टेबलावर कोसळतो आणि टेबलाचे तुकडे होतात. मला वाटते, साऱ्या घराण्यात खरे बोलणारा हा एवढाच.

पण हसण्यावारी नेता येत नाही अशीही एक बाजू आहे. बार्बरा एरेनराइक या लेखिकेने २००९ साली सकारात्मक विचारांच्या धंद्यावर पुस्तक लिहिले. तिला कर्करोग झाला होता आणि भेटेल तो आनंदी राहण्याचा सल्ला देत होता. त्या चिडीतून हे पुस्तक निघाले. त्यात १९९४ सालची एक नोंद आहे. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीने पंधरा हजार नोकर कमी करण्याची घोषणा केली, आणि त्याच दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या आपल्या कर्मचाऱ्यांना यशाचा मंत्र देणाऱ्या एका भव्य मेळाव्याला पाठवले. नोकरी गेली तर तुझे चुकले, तुझ्या विचारात खोट होती. यासारखा सोयीचा हिशेब मालकाला दुसरा कोणता मिळणार? लीड्सची मुले गरिबीत एकत्र आली होती. इथे पंधरा हजार माणसांना पंधरा हजार निरनिराळे आरसे देऊन घरी पाठवले.

यानंतरचा टप्पा ऑप्रा विन्फ्री यांचा. १९८६ ते २०११ अशी पंचवीस वर्षे त्यांचा दुपारचा कार्यक्रम देशभर चालला. १९९६ पासून त्यांनी पुस्तकांची शिफारस सुरू केली आणि कधी कादंबरी हातात न धरलेल्या घरांत कादंबऱ्या पोचवल्या. याबद्दल कोणीही मास्तर त्यांना नमस्कारच करील. पण त्याच खुर्चीत १९९३ साली आपले दीपक चोप्रा बसले आणि एका दुपारीत घरोघर पोचले. त्याच कार्यक्रमात २००७ साली 'द सीक्रेट' या चित्रफितीचा गाजावाजा झाला. ऑस्ट्रेलियाच्या टीव्ही निर्मात्या रोंडा बर्न यांनी २००६ साली काढलेल्या या चित्रफितीतले रहस्य काय? जसा विचार कराल तशी वस्तू तुमच्याकडे ओढली जाईल. शिकागोच्या वकीलसाहेबांची तबकडी! फक्त ध्वनिमुद्रण नवे.

त्या चित्रफितीतल्या गुरूंपैकी एक जेम्स आर्थर रे. ते ऑप्रांच्या कार्यक्रमात झळकले आणि त्यांच्या शिबिरांना गर्दी होऊ लागली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी अ‍ॅरिझोना राज्यात सेडोनाजवळ त्यांचे एक शिबिर शेवटच्या टप्प्यात होते. फी माणशी नऊ हजार डॉलरांहून अधिक. शिबिरार्थींना आधी छत्तीस तास वाळवंटात अन्नपाण्यावाचून बसवले होते. मग त्या दिवशी पन्नासाहून अधिक माणसांना ब्लँकेट आणि ताडपत्र्यांनी झाकलेल्या एका बुटक्या तंबूत घातले आणि तापलेले दगड आणून त्यांवर पाणी ओतणे सुरू केले. घाम काढून शुद्ध होण्याचा हा विधी मूळ अमेरिकन जमातींचा. त्यांच्या वडीलधाऱ्यांनी नंतर निषेध केला, की यात पैसे घेणे आमच्या रीतीला मंजूर नाही आणि इतकी माणसे एका वेळी कोणी आत घालीत नाही. मरतोय असे वाटेल, पण मरणार नाही, असे गुरूंनी आधी सांगितले होते; ते ध्वनिमुद्रण न्यायालयात वाजवले गेले. आत लोक ओकत होते, शुद्ध हरपत होती. दाराला कुलूप नव्हते. काही जण बाहेर पडलेही. पण पाच दिवस ज्यांना शिकवले होते की शरीर म्हणते ते ऐकणे हाच दुबळेपणा, ते बसून राहिले. दोघे त्याच संध्याकाळी गेले. तिसरी व्यक्ती काही दिवसांनी इस्पितळात गेली. तिघेही शिकलेसवरलेले, कमावते होते.

आमच्या शाळेत सहलीला जाताना पालकांची सही घेतो, मुले मोजतो, औषधाची पेटी बरोबर ठेवतो, आणि नदीवर थांबायचे असले तर पोहता येणारे दोन शिक्षक नेतो. एवढे करूनही रात्री सगळी घरी पोचेपर्यंत जिवाला घोर असतो. शिकवणाराला ही काळजी सुटत नाही. रे यांच्यावर २०११ साली निष्काळजीपणाने तिघांच्या मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा शाबीत झाला आणि दोन वर्षांची शिक्षा झाली.

ते २०१३ साली सुटले आणि पुन्हा व्याख्याने देऊ लागले. नवा विषय होता संकटातून सावरणे. २०१६ साली त्यांच्यावर एक माहितीपट निघाला, तोही सीएनएन वाहिनीने दाखवला. २०२५ च्या जानेवारीत ते वारले.

मृतांपैकी एका तरुणीच्या घरच्यांनी मात्र वेगळे काम हाती घेतले. त्यांनी 'सीक सेफली' नावाची संस्था काढली. आत्मोद्धाराच्या शिबिरांवर बंदी घाला, असे ती म्हणत नाही. पैसे भरण्यापूर्वी काय विचारावे एवढेच ती लोकांना सांगते: या माणसाचे शिक्षण काय, दाव्याला आधार काय, दुखापत झाली तर व्यवस्था काय, मध्येच उठून जावेसे वाटले तर जाता येईल का. गुरूंसाठीही तिने एक प्रतिज्ञापत्रक केले आहे. आपली पात्रता खरी सांगेन, सुरक्षिततेची काळजी घेईन, शिबिरार्थीच्या मर्यादांचा मान राखीन, अशा अर्थाचा मजकूर वाचून गुरूने त्यावर सही करायची असते.